दोन अर्ज आणि एक हनुवटी

वय वाढलं की माणसाला कंबर सांभाळावी लागते, गुडघे सांभाळावे लागतात, आणि बायकोचा भाऊ पाहुणा आला तर जीभही सांभाळावी लागते, हे मला ठाऊक होतं. पण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला एका मोटारीची हनुवटी सांभाळावी लागेल, असं माझ्या पत्रिकेत कुणी लिहिलं नव्हतं. मोटार माझी नव्हे. बँकेतल्या कारकुनाची मोटार असलीच तर ती पांढरी असते, चार दारांची असते आणि तिचे हप्ते बाकी असतात. ही लाल होती, दोन दारांची होती आणि तिचे हप्ते माझा भाचा भरत होता.

भाचा लातूरचा. लातूर पॅटर्नमध्ये शिकला, पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्या बोनसात त्याने ही जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. पुढे कंपनीने त्याला आठ महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. गाडी ठेवायची कुठे? लातूरला आक्काचं घर गंजगोलाईच्या मागच्या बोळात. गोलाईला म्हणे सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला प्रत्येक रस्ता या गाडीने पाहिला, पण आक्काच्या दारापर्यंत एकही तिला नेऊ शकला नाही. बोळाच्या तोंडाशी नालीवर एक फरशी आहे आणि ती फरशी रस्त्याच्या वर वीतभर उठलेली आहे. तेव्हा गाडी नांदेडला माझ्याकडे आली. भाचा म्हणाला, "मामा, आठवड्यातून एक-दोनदा चालवत जा, नाहीतर बॅटरी बसते. फक्त पुढचा स्पॉइलर जपा."

स्पॉइलर म्हणजे काय हे मी त्याला विचारलं नाही. मामाने भाच्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. गाडी दारात उभी राहिल्यावर मी खाली वाकून पाहिलं. बंपरच्याही खाली एक काळी पट्टी पुढे आलेली, एखाद्या हट्टी पोराने हनुवटी पुढे काढावी तशी. जमिनीपासून चार बोटं. माझी बोटं, म्हणजे नोटा मोजून झिजलेली.

"नाव काय म्हणालात याचं?" आमच्या हिने विचारलं.

"स्पॉइलर. म्हणजे बिघडवणारा."

"आणि हे त्याने वर पैसे देऊन बसवलं?"

नावात तसं खोटं काही नाही. गाडी जोरात धावली की वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि तिला उचलू पाहतो. पुढची चाकं हलकी पडतात, स्टीअरिंग ऐकेनासं होतं. म्हणून हनुवटी खाली आणून वाऱ्याला दारातच अडवायचं, त्याचा उचलण्याचा बेत बिघडवायचा. म्हणून स्पॉइलर. विमानाच्या पंखांवरही याच नावाच्या पट्ट्या असतात आणि त्याही पंखाचं उचलणं मोडायलाच असतात. विमान उतरताना खिडकीतून त्या उभ्या राहिलेल्या दिसतात म्हणे. मला अजून खिडकीची सीट मिळालेली नाही.

पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, तेव्हा हिशेब केल्याशिवाय राहवेना. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. ताशी १५० किलोमीटरला या पट्टीचा जो उपयोग होतो, तो ताशी ३० ला पंचविसावा हिस्सा. शंभर रुपयांतले चार रुपये. आणि वजिराबादेतून जाताना मला ३० मिळाले तरी मी खंडोबाला नारळ फोडीन. म्हणजे नांदेडात ही पट्टी शेकडा चार दराने काम करते आणि शेकडा शंभर दराने घासते. आमच्या बँकेत असं खातं आलं असतं तर मॅनेजरने पहिल्या तिमाहीलाच बंद केलं असतं.

आपल्याकडे अशा गाड्यांचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी मोटार निघाली होती, अलिबागजवळ 'चिंकारा' तयार झाली, दिलीप छाब्रियांनी २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत 'अवंती' मांडली. फार महागड्या परदेशी गाड्यांना तर एक बटण असतं म्हणतात. ते दाबलं की गाडीचं नाक वर होतं, गतिरोधक ओलांडून झाला की पुन्हा खाली. वरपक्षाकडच्या मंडळींचं याच्या बरोबर उलट असतं. एकदा वर गेलेलं नाक वरात निघेपर्यंत खाली येत नाही.

आमच्या गाडीला बटण नव्हतं. तेव्हा जे काही वरखाली करायचं ते मलाच करावं लागे. ब्रेकर आला की गाडी थांबवायची, हिला खाली उतरवायचं (हा भाग फार सांभाळून सांगावा लागे, "वजन कमी करू" असं चुकूनही म्हणायचं नाही), मग स्टीअरिंग पूर्ण वळवून ब्रेकरला तिरकं भिडायचं. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं. मागे दोन ऑटो, एक उसाची ट्रॉली आणि एक वरात तुंबलेली. ऑटोवाला बाजूने जाताना खिडकीशी वाकून म्हणे, "काका, इतकी पळणारी गाडी घेऊन कुटं इतकं हळू जायलालाव?" साऱ्या नांदेडात सर्वांत वेगवान दिसणारी गाडी आणि सर्वांत हळू चालवणारा माणूस, असा तो योग होता.

एकदा लातूरला आक्काकडे नेली. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर काही त्रास झाला नाही. त्रास होतो तो महामार्ग सोडून गावात शिरताना. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर अंथरलेला रस्ता दोन पावसाळ्यांत गोधडीसारखा होतो. त्यात दर गावाच्या वेशीवर ब्रेकर. लोह्यापुढे माळेगावात चहाला थांबलो. हे तेच माळेगाव, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्या-गाढवांचा मोठा बाजार लागतो ते. टपरीवर एक फेटेवाले आजोबा बसले होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, मागून पाहिली, पुढून पाहिली, बॉनेटवरून हात फिरवला. दात तेवढे बघायचे राहिले.

"जनावर देखणं हाय," ते म्हणाले. "पर ह्ये आपल्या वाटंचं न्हाई. कितीला पडलं?"

मी किंमत सांगितली. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि नंतर माझ्याशी बोललेच नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी शाळा आहे आणि शाळेसमोर एक ब्रेकर आहे. ब्रेकर म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते नव्हे. हा सिमेंटचा, गाढवाच्या पाठीसारखा, उभा चढ आणि उभा उतार. कॉलनीतून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. गाडी आल्यापासून रोज सकाळी त्याच्यावर 'खर्रर्र' असा आवाज होई. तो आवाज हनुवटीतून निघून थेट माझ्या दाढेत जाई. गाडी भाच्याची आणि ओरखडे माझ्या नावावर. तिसऱ्या आठवड्यात पट्टीच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेला आणि माझ्यातला नागरिक जागा झाला.

माणसातला नागरिक नेहमी असाच जागा होतो. आधी कुठेतरी घासावं लागतं.

मी माहिती काढली. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकांसाठी १९८८ साली मार्गदर्शक तत्त्वं काढलेली आहेत. त्यांप्रमाणे गोलाईचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच हवा आणि रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी सुखरूप वर चढून खाली उतरते. अलीकडे पांढरे पट्टे हवेत, आधी सूचनाफलक हवा. आमच्या ब्रेकरला पट्टे नव्हते, फलक नव्हता. उंची-रुंदी मोजायची राहिली होती, म्हणून एका पहाटे पाचला हिची शिवणाची टेप घेऊन मी रस्त्यावर उकिडवा बसलो. उंची २३ सेंटिमीटर. रुंदी मोजायला टेपचं दुसरं टोक धरायला कुणी हवं होतं. तेवढ्यात एक हात पुढे आला.

शाळेसमोर बोरं, चिंचा आणि रंगीत बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या मावशी. माल घ्यायला बाजारात निघाल्या होत्या. त्यांनी टोक धरलं आणि विचारलं, "आनखी येक बांधायलालाव का साहेब? लई बरं हुईल बघा. तिकडच्या अंगाला बी पायजेच."

मी टेप गुंडाळू लागलो.

"तुमीच तर अर्ज लिवला व्हता ह्येच्यासाटी," मावशी म्हणाल्या. "तुमचं लई उपकार."

तर तो इतिहास असा. गेल्या वर्षी एका मोटारसायकलवाल्याने मावशींच्या नातवाला शाळा सुटताना उडवलं. पोराच्या पायाचं हाड मोडलं, दोन महिने प्लास्टरमध्ये होतं. कॉलनीची सभा झाली. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिला. तेव्हा मी स्कूटरवर होतो. 'कोवळ्या जिवांच्या सुरक्षिततेस्तव', 'भरधाव वाहनांस आवर घालणेकामी' वगैरे सगळं त्यात होतं. चौऱ्याण्णव सह्या होत्या. अर्ज संबंधित कार्यालयात गेला आणि तिथेच राहिला. मग लोकांनी वर्गणी काढली, गवंडी आणला आणि एका रात्रीत ब्रेकर घातला. दोनशे रुपये माझेही होते. उंची किती ठेवायची असं गवंड्याने विचारलं तेव्हा "चांगला ठेव" असं सांगणाऱ्यांत माझा आवाज होता. आता आठवत नाही म्हणालो तर खोटं ठरेल. आठवतं. फक्त आठवावंसं वाटत नव्हतं.

तरीही मी दुसरा अर्ज लिहिला. छान लिहिला. त्यात स्पॉइलरचं नावही नव्हतं. प्रमाणबाह्य गतिरोधकामुळे रुग्णवाहिकेतील रुग्णांना होणारा त्रास, गरोदर भगिनी, पाठीच्या मणक्याचे विकार, दुचाकीस्वारांचे रात्रीचे अपघात, १० सेंटिमीटर, ३.७ मीटर. प्रत्येक वाक्य खरं होतं. कुणाही न्यायाधीशापुढे शपथेवर सांगितलं असतं. आणि तरी सही करताना माझा हात अडला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा तो एकदाच अडला होता, तेव्हा व्हाउचर बरोबर होतं, आकडे बरोबर होते, आणि तरी ती एंट्री भामट्याची होती.

आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर गेलो. विचारलं, सर, माणूस खरंच बोलत असेल, पण बोलण्याचं कारण भलतंच असेल, तर ते खरं खरं राहतं का?

प्रश्नाने प्राध्यापकांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. म्हणाले, कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात एक दुकानदार सांगितलाय. तो लहान पोरालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण का? तर त्यात धंद्याचा फायदा आहे म्हणून. कांट म्हणतो, वागणं योग्य आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. कर्तव्य म्हणून केलं असतं तर होतं.

"पण सर," मी म्हणालो, "पोराला भाव तर बरोबर लागला ना? बँकेत चेक आला की आम्ही सही बघतो. देणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघत नाही."

"सही बघता," प्राध्यापक म्हणाले, "आणि खात्यात शिल्लक?"

मी गच्चीवरून खाली उतरलो. एवढ्याने वादात हरलो असं मी मानत नाही. मला अजूनही वाटतं की कांटच्या दुकानदारावर अन्याय झालाय. बिचारा वर्षानुवर्षं नीट भाव लावतोय आणि एक प्राध्यापक त्याच्या मनाची झडती घेतोय. जगातल्या निम्म्या चांगल्या गोष्टी कुणाचं तरी काहीतरी घासलं म्हणून झाल्यात. साहेबाच्या पायाला ठेच लागली तेव्हा आमच्या बँकेची पायरी दुरुस्त झाली. त्याआधी अकरा वर्षं पेन्शनर तीवरून पडत होते. साहेबाचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून पायरी पुन्हा फोडायची का? नाही. पण माझ्या बाबतीत एक फरक होता आणि तो मला रात्री झोपू देईना. पायरी दुरुस्त झाली तर पेन्शनरांचा फायदाच होता. ब्रेकर उतरला तर ज्याचा तोटा होणार, त्याची आजी टेपचं दुसरं टोक धरून माझे उपकार मानत होती.

आणि दुसरं म्हणजे, माझं मत बदललं होतं ते काही नवं वाचून नव्हे. सीट खाली आली म्हणून बदललं होतं. स्कूटरवर माझं बूड जमिनीपासून अडीच फुटांवर होतं, तिथून शाळेची पोरं दिसत. या गाडीत ते सव्वा फुटावर आलं आणि तिथून फक्त सिमेंट दिसू लागलं.

असं असूनही मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलोच. लिहिलेला अर्ज घरात ठेवणं कारकुनाला जमत नाही. खिडकीतल्या कारकुनाने तो शांतपणे वाचला, मग उठला, कपाटातून एक फाईल काढली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"साहेब, ह्ये बी तुमचंच अक्षर दिसायलालंय."

मी मान डोलावली. अक्षराबद्दल कौतुक झालं तरी कधी कधी घाम फुटतो.

"पयल्या अर्जात तुमी म्हनालाव, गतिरोधक बांधा. त्येच्यावर कार्यवाही चालू हाय. म्हंजे आमच्या रेकॉर्डला तिथं गतिरोधक न्हाई. आता तुमी म्हनायलालाव, तोडा. न बांधलेला गतिरोधक आमी तोडावा कसा?"

मी म्हणालो, तोडू नका, नियमाप्रमाणे करा. १० सेंटिमीटर, ३.७ मीटर. पोरंही सुरक्षित आणि गाड्याही. मला वाटलं, आपण शेवटी असं काही सुचवलं की ज्यात हेतू आणि सत्य दोघेही एका बाकावर बसतील.

कारकुनाने माझ्याकडे जुन्या सहकाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. एका खिडकीमागचा माणूस दुसऱ्या खिडकीमागच्याला लगेच ओळखतो. आवाज खाली आणून म्हणाला, "हे घ्या मी आवक करून. अनधिकृत म्हनून शेरा मारतो. उद्या सकाळी जेसीबी येतंय, अर्ध्या तासात साफ. नव्याला मात्र एस्टिमेट हाय, मंजुरी हाय, निधी हाय. तोडायला दिवस लागतो साहेब, बांधायला बजेट लागतं. मधी काय व्हईल, ते तुमी बगा. मारू शिक्का?"

शिक्का त्याच्या हातात होता, शाईच्या पॅडवर टेकलेला. मी स्वतः रोज तीन-चारशे शिक्के मारतो, पण एका शिक्क्याचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी म्हणालो, "अर्जात एक चूक राहिलीय. दुरुस्त करून आणतो." कारकून म्हणाला, "आना, आना. घाई न्हाई." आणि त्याने पहिला अर्ज जपून पुन्हा फाईलमध्ये ठेवला. कार्यवाही चालू असल्यामुळे.

रात्री जर्मनीचा फोन आला. भाच्याला सगळं सांगितलं. तडा, टेप, कांट. कांट जर्मनच असल्यामुळे त्याला काही माहिती असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. म्हणाला, "मामा, तडा गेला ना? जाऊ द्या. ते प्लास्टिक आहे. मी बाहेरून बसवून घेतलंय, खालून सहा स्क्रू आहेत. काढून डिकीत ठेवा. मी इथे सायकलने ऑफिसला जातो."

सहा स्क्रू. तीन आठवड्यांचं माझं नागरिकत्व, चौऱ्याण्णव सह्यांशी केलेली बेइमानी, आणि प्राध्यापकांच्या गच्चीवरचा तो अपमान, हे सगळं सहा स्क्रूंवर लोंबकळत होतं, आणि स्क्रूड्रायव्हर आमच्या शिलाई मशीनच्या खणात होता. रविवारी सकाळी गाडीखाली पडून मी ते काढले. पाच निघाले, सहावा गंजला होता, त्याला मेकॅनिकने वीस रुपये घेतले. पट्टी डिकीत मावेना म्हणून माळ्यावर टाकली.

सोमवारी गाडी काढली. हनुवटी गेल्याने ती जरा बिचारी दिसत होती, कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखी. पण शाळेपाशी आलो, ब्रेकरला सरळ भिडलो आणि काय सांगू! 'खर्रर्र' नाही, तिरकं नाही, हिला उतरवणं नाही. एक हेलकावा घेऊन गाडी पलीकडे. इतका आनंद झाला की उतारावर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडला. शाळा भरायची वेळ होती.

"ओ साहेब!" मावशी टोपली टाकून उठल्या होत्या आणि दोन्ही हातांनी पोरांना मागे ओढत होत्या. "हळू की जरा! ह्यो ब्रेकर कशापायी बांधलाव मग?"